चुंगकिंगचा मुक्काम



सणाची खरेदी आटोपून गोल बाजारात पिशव्या खाली टेकवून आपण क्षणभर उभे राहतो, तोच गावाकडची माणसे आठवतात. हात गुंतलेले असतात तोवर मन गप्प असते. अशाच एका सक्तीच्या विसाव्याविषयी आज बोलतो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टर मुंबईहून युद्धग्रस्त चीनकडे निघाले. प्रमुख डॉ. अटल, सोबत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. हँको, इचांग येथे जखमींवर उपचार करीत पथक चुंगकिंगला आले आणि येनानला जाण्याच्या प्रतीक्षेत थांबले. हाताला काम नाही, अशा त्या दिवसांत कोटणिसांना वडील गेल्याची वार्ता कळली. सहकाऱ्यांनी परत जा म्हटले. गेले असते तर कोणी बोल लावला नसता. ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे चिनी सहचारिणीपासून झालेल्या मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच निवर्तले.

शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने कोटणीस घरोघर पोहोचले. चोळकर मायदेशी परतले. परतणाऱ्यावर चित्रपट निघत नाही. रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होते, म्हणजे ते आपल्याच प्रांताचे. या समारंभात त्यांचेही नाव एकदा उच्चारले जावे, एवढ्यासाठी मी उभा राहिलो.