मजुरी त्याच संध्याकाळी



धर्मग्राम म्हणजे चर्चच्या नोंदवहीतील कुटुंबे एवढेच नव्हे. ठाणे, पालघर, रायगडच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येऊन पावसाळ्यापर्यंत राबणारी कातकरी कुटुंबेही आपल्याच हद्दीत राहतात. आपण त्यांचे शेजारी आहोत.

ही माणसे भट्टीशी बांधली जातात ती भर पावसात. हाताला काम नसते, घरातले धान्य संपते, एखादे आजारपण येते आणि मालकाकडून उचल घ्यावी लागते. ती फिटेपर्यंत सारे घर राबते, मुलांची शाळा सुटते. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीला बंदी घातली, तरी पोटाची अडचण उरलीच.

मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवू नये, असे लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सांगतो. याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरीच देवाकडे ओरडते. म्हणून आपल्या वाडीत किंवा बांधकामावर आदिवासी मजूर असेल, तर हिशेब त्याच संध्याकाळी चुकता करू या.

आणि उपवासकाळात वाचवलेल्या पैशांतला काही भाग पावसाळ्यातल्या तांदळासाठी राखून ठेवू या. श्रावणात घरात धान्य असेल, तर उचलीसाठी हात पसरण्याची वेळ कमी येईल.

प्रभू आपल्याला यासाठी बळ देवो.