जुना ट्रॅक्टर घ्या, पण पारखून घ्या



साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपला, की गावोगावी जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे सुरू होतात. त्याच सुमारास आपल्यालाही वाटतं, यंदा पडीक दोन एकर साफ करावेत, वेडी बाभूळ आणि घाणेरी काढावी, पावसाआधी नांगरट उरकावी. मग घ्यावा एखादा जुना ट्रॅक्टर. विचार चुकीचा नाही. पण बैलाचे दात बघून वय कळतं, तसं यंत्राचं वय कशावरून ओळखायचं, ते माहीत हवं. आज त्याबद्दलच बोलू.

सुरुवातीला आपलं काम काय आहे ते ठरवा. झुडपं एकदाच काढायची असतात, शेती मात्र दर साल करायची असते. वेडी बाभूळ किंवा घाणेरी जमिनीलगत तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. ती मुळाच्या गड्ड्यासकट निघाली पाहिजे. जाड खोडं असतील तर त्यासाठी खोदाईचं यंत्र तासावर भाड्यानं आणा. त्या एका कामासाठी मोठा ट्रॅक्टर विकत घेऊ नका. कल्टिव्हेटर, पेरणी आणि ट्रॉली एवढ्यासाठी ३५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारणपणे पुरतो. पाच फुटी रोटाव्हेटर चालवायचा असेल तर ४० ते ४५ अश्वशक्तीचा बघावा. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणीची संस्था आहे. तिच्या अहवालात त्या मॉडेलची पीटीओवरची ताकद आणि लिफ्टची उचल दिलेली असते. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तो आकडा भरवशाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टर आधी कुठे राबला याची चौकशी करा. दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच, मागचा धुरा आणि हूक झिजलेला असतो. भाताच्या चिखलणीत राबलेल्या ट्रॅक्टरच्या धुऱ्यात पाणी शिरलेलं असू शकतं. पुढे लोडर लावून मुरूम उचलला असेल तर पुढचा धुरा नीट बघा, तिथे वेल्डिंगचे डाग आहेत का ते तपासा. तास दाखवणाऱ्या मीटरवर एकट्यावर विसंबू नका, तो बदलता येतो. मीटर कमी तास दाखवतो आणि क्लचचं पेडल मात्र घासून गुळगुळीत झालंय, तर पेडल खरं बोलतंय असं समजा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ट्रॅक्टर थंड असताना सुरू करून बघा. हे मी आमच्याच घरच्या अनुभवावरून सांगतोय. मी कॉलेजात असताना वडिलांनी जुना ट्रॅक्टर घेतला. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच तापलेलं होतं. एका हाकेत सुरू झालं, धूरही नाही. आम्ही खूश झालो आणि तिथल्या तिथे इसार दिला. पंधरवड्यात निळा धूर येऊ लागला. मिस्त्रीनं सांगितलं, रिंगा गेल्यात, धूर दबावा म्हणून जाड ऑईल भरलेलं होतं. इंजिन उघडून पडलं आणि इकडे रब्बी ज्वारीच्या पेरणीचा वापसा निघून गेला. दुरुस्तीचा खर्च कसाबसा निघाला, पण गेलेली पेरणी परत आली नाही.

म्हणून सांगतो, गेल्याबरोबर इंजिनला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, गार होऊ द्या. रेडिएटरचं झाकणही गार झाल्यावरच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा ऑईलच्या पट्टीवर दुधाळ ऑईल दिसलं, तर तेल-पाणी एकत्र होतंय, तो सौदा सोडा. मग ट्रॅक्टर सुरू करा. सुरुवातीला थोडा धूर येईल, तो विरला पाहिजे. सतत निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तो कधी कधी एअर फिल्टर साफ करूनही जातो. पांढरा धूर तापल्यावरही राहिला तर मिस्त्रीला दाखवा.

आता चालवून बघा. मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, वरचा गिअर टाकून ब्रेक दाबा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन फिरतच राहिलं तर क्लच घसरतोय. ओझ्याखाली गिअर आपोआप निसटतो का तेही बघा. लिफ्टवर जड अवजार उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. अवजार भरभर खाली आलं तर लिफ्टमध्ये काम आहे. त्या वेळी अवजाराखाली कोणी जाऊ नये. पीटीओच्या दांड्याचे दाते झिजलेत का बघा. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवा, ढिलं लागलं तर बुश-बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. मागचे टायर महाग असतात, त्यांच्या भेगा आणि काट्यांच्या खुणा बघा. बाभळीच्या रानात आपल्यालाही पंक्चर चुकणार नाहीत, ते लक्षात ठेवा.

यंत्र पसंत पडलं तरी पैसे काढू नका. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः ट्रॅक्टरवर पडताळा. सातबारावर बोजा असतो, तसा आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असतो. तो असेल तर ना हरकत दाखला आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. नाही तर कर्ज दुसऱ्याचं आणि जप्ती आपल्या दारात. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. नुसता स्टॅम्प पेपर करून भागत नाही. विमा चालू आहे का तेही बघा.

शेवटी एक गोष्ट जिवाची. बुडखा ओढताना साखळी नेहमी खालच्या हुकाला बांधा. वर, टॉप लिंकच्या जागी बांधली आणि बुडखा हलला नाही, तर ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. सावरायलाही वेळ मिळत नाही. साखळीजवळ माणसं उभी करू नका, आणि खोड हलत नसेल तर झटके देऊ नका, आधी मुळं मोकळी करा. बांधावरचं मोठं झाड असेल तर तोडण्याआधी परवानगीची चौकशी करा.

थोडक्यात काय, काम ठरवा, ट्रॅक्टरचा पूर्वेतिहास विचारा, थंड इंजिन सुरू करा, कागद तपासा आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. त्याची एका दिवसाची मजुरी जाईल, पण पेरणीचा वापसा हातचा जाणार नाही. बरंय मंडळी, राम राम.