नदीची जागा नदीला
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



यमुनेशी मराठी माणसाचा परिचय जुना आहे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत आणि अब्दाली पैलतीरी अडला होता तो नदीच्या पुरामुळे. ऑक्टोबरात त्याने बागपतजवळ नदी ओलांडली आणि पुढचा इतिहास आपण जाणतोच. आज करोलबागेपासून नोएडापर्यंत, नदीच्या दोन्ही अंगांना आपली बिऱ्हाडे आहेत. तेव्हा तिचा स्वभाव आपण ओळखला पाहिजे.

सप्टेंबर १९७८ मध्ये हरियाणातील ताजेवाला बंधाऱ्यावरून सुमारे सात लाख क्युसेक पाणी आले आणि दिल्लीच्या जुन्या रेल्वेपुलापाशी पातळी २०७.४९ मीटरवर गेली. जुलै २०२३ मध्ये हथनीकुंडाहून आलेले पाणी जेमतेम त्याच्या निम्मे, सुमारे साडेतीन लाख क्युसेक होते. तरी पातळी चढली २०८.६६ मीटरपर्यंत! पाणी निम्मे आणि पूर मीटरभर उंच, हे कसे? पात्रात गाळ साचला, पूरमैदानात भराव पडले, बांधकामे झाली. आयटीओच्या बंधाऱ्याची काही दारे ऐन वेळी उघडलीच नाहीत. पाणी वाढले नव्हते. नदीची जागा आटली होती.

त्या वेळी लाल किल्ल्याच्या तटाला पाणी लागले. जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडल्याने भर पुरात नळ कोरडे पडले. काठावरचे शेतकरी व मजूर गुराढोरांसह रस्त्याकडेच्या तंबूंत आले. पुराचा पहिला घाव नेहमी अशांवरच पडतो.

केवळ तटबंध उंच केल्याने हे संकट टळत नाही. एका काठाने लोटलेले पाणी दुसऱ्या काठावर चढते. पूरमैदान मोकळे ठेवणे, पावसाळ्यापूर्वी नाले उपसणे, बंधाऱ्यांची दारे चालती ठेवणे, हे खरे उपाय होत. हथनीकुंडाचे पाणी दिल्लीस पोहोचण्यास दीड ते तीन दिवस लागतात. एवढा अवधी नीट वापरला तर जीवितहानी टाळता येते.

ही कामे शासनाची खरी. पण आपल्याही हाती काही आहे. घर घेताना ती जमीन पूरक्षेत्रातील नाही ना, हे पाहावे. सोसायटीच्या गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवावे. नाल्यात कचरा टाकू नये, टाकू देऊ नये. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी मंडळाने पावसाळ्याआधी करावी आणि पुराचा इशारा येताच त्यांच्या दारी जावे.

पन्नास वर्षे आपण या परक्या शहरात एकमेकांना जागा देत आलो. आता थोडी जागा नदीलाही देऊ या.