मातीचा वाटा आधी

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे वर्ध्यातच स्थापन झाला आणि मगनवाडीत बसून अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार पाहिला. निसर्गाकडून घेतलेलं त्याला परत मिळालं तरच अर्थव्यवस्था टिकते, हे ते तेव्हापासून सांगत होते. शेतातली काडी आणि देशी झाडं वापरताना हे कसं साधायचं, यासाठी आपली परिषद भरली आहे.

आसपासच्या शिवारात जाऊन या. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे उरलेली झाडं, उपटून बांधावर रचतात. चुलीपुरती घरी जाते, उरलेली पेटवली जाते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. पऱ्हाटी तशीच राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, आणि वाहून न्यायची तर मजुरीही सुटत नाही. वास्तविक ही चांगली टणक काडी आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवला. कमी हवेत जाळली तर तिचा कोळसा होतो. तो शेणखतात मुरवून रानात टाकता येतो. अडतं ते वाहतुकीपाशी. ट्रॉली शिगोशीग भरते, पण वजन भरत नाही. म्हणून कुट्टी बांधावरच व्हायला हवी आणि ते यंत्र गावातल्या गटाच्या मालकीचं हवं.

मला काळजी आहे ती वेगळीच. उद्या पऱ्हाटीला, तुराट्यांना, सोयाबीनच्या कुटारालाही भाव आला, तर रान झाडून-पुसून नेलं जाईल. आधीच शेणखत कमी झालेल्या जमिनीला मग काय उरणार? खरेदीचा करार करतानाच मातीचा वाटा लिहून ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

देशी झाडांच्या बाबतीतही घेताना राखून ठेवावं लागतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूच्या बेटातले कोवळे कोंब राखून पक्के बांबू काढले, तर बेट वर्षानुवर्षं देत राहतं. करंज, मोह, पळस आपल्या मुरमाड जमिनीतही तग धरतात. पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनीवर शेळ्या चरतात, बाया मोहफुलं वेचतात. तिथे एकाच जातीची लागवड उभी करण्याआधी त्या गावकऱ्यांना विचारा.

दुपारच्या सत्रात मंडपामागे पऱ्हाटीची कुट्टी आणि कोळशाची भट्टी प्रत्यक्ष पाहायला मिळेल. पुढच्या रांगा शेतकऱ्यांसाठी राखल्या आहेत. त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत, असं मी सत्राध्यक्षांना सुचवतो.