फुकट वेगळे, मुक्त वेगळे

मी तालुक्याच्या गावी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्पाचा विषय घेऊन माझ्याकडे आली. तिचे वडील दूध संघाच्या टेम्पोवर चालक. पहाटे निघायचे, गावोगावचे कॅन उचलायचे आणि दूध तापायच्या आत शीतकरण केंद्रावर पोहोचायचे. उन्हाळ्यात शेवटच्या दोन-तीन गावांचे दूध वरचेवर नासायचे आणि बोल चालकाला लागायचा. "सर, चार टेम्पोंनी कुठून कुठे जावे, हे गणिताने काढता येईल का?" एवढाच तिचा प्रश्न होता.

काढता येते. कमीत कमी अंतरात किंवा खर्चात काम कसे उरकावे, हे सांगणाऱ्या गणिताच्या शाखेला इष्टतमीकरण म्हणतात. तिच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलींना सॉल्व्हर हे नाव आहे. आम्ही पायथन भाषेतून चालणारे गुरोबी हे नावाजलेले पॅकेज निवडले. बसवायला काहीच त्रास पडला नाही. प्रकल्पापुरता वेगळा कप्पा, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, केला आणि त्यात 'पिप इन्स्टॉल गुरोबीपाय' एवढी एक ओळ दिली. मिनिटभरात पॅकेज उतरले आणि चालूही झाले.

केंद्र धरून चाळीस ठिकाणे होती. प्रत्येक ठिकाणाहून दुसऱ्या प्रत्येक ठिकाणी जायचे की नाही, हा एकेक चल. चाळीस गुणिले एकोणचाळीस, म्हणजे 1560 चल. उत्तर आले, वाटा जुळल्या. पोरगी खूश, मीही खूश.

मग संघाने आठ नवी संकलन केंद्रे उघडली. अठ्ठेचाळीस गुणिले सत्तेचाळीस झाले 2256. प्रकल्प सादर करायच्या आदल्या रात्री संगणकाने उत्तराऐवजी निरोप दिला, की हे मॉडेल तुमच्या लायसन्सच्या मर्यादेपेक्षा मोठे आहे. पिपने उतरवलेल्या पॅकेजसोबत जे लायसन्स आपोआप येते, ते चाखून पाहण्यापुरते असते. त्यात 2000 चल आणि 2000 रेषीय अटी एवढीच परवानगी. हे कंपनीने लिहून ठेवलेले होते. आम्ही ते वाचले नव्हते.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पूर्ण क्षमतेचे लायसन्स विनामूल्य मिळते. रात्री घरून तिने नोंदणी केली, किल्लीचा क्रमांकही मिळाला. पण ती किल्ली आणायचे साधन पिपबरोबर येत नाही, ते वेगळे उतरवावे लागते. शिवाय ते महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीवरूनच चालवावे लागते, कारण तुम्ही खरोखर तिथले आहात याची खात्री त्यावरून होते. सकाळी सातला आम्ही शिपायाला उठवून प्रयोगशाळा उघडली. तिच्या लॅपटॉपवर लायसन्सची छोटी फाइल तयार झाली. मी शहाणपणाने ती प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकावर नकलून घेतली, तर तिथे चालेना. ते लायसन्स ज्या यंत्रावर घेतले त्या यंत्राशीच बांधलेले असते. अखेर लॅपटॉपवरच उत्तर काढले आणि प्रकल्प वेळेत सादर झाला.

खरी अडचण पुढे आली. सादरीकरणाला दूध संघाचे व्यवस्थापक आले होते. ते म्हणाले, "सर, उद्यापासून रोज पहाटे हे चालवू. पोरीला मानधनही देऊ." तिने माझ्याकडे आशेने पाहिले. मीही हो म्हणणारच होतो, पण या खेपेस आधी अटी वाचल्या. शैक्षणिक लायसन्स शिकण्या-शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी. संघाचा रोजचा व्यवहार त्यात बसत नाही. "सर, कुणाला कळणार आहे?" असे ती हळूच म्हणाली. अगं, कळण्याचा प्रश्न नाही, असे मी म्हटले खरे, पण तिच्या वडिलांचा चेहरा मला दिसत होता.

विकत घेण्याचा मार्ग संघाच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून आम्ही एडिंबरा विद्यापीठात घडलेल्या 'हाय्स' या सॉल्व्हरकडे वळलो. त्याचा परवाना एमआयटी पद्धतीचा. मूळ परवान्याची नोंद कायम ठेवा, मग अभ्यासाला वापरा नाहीतर धंद्याला. चलांच्या संख्येवर बंधन नाही, किल्ली नाही. बसवायला तशीच एक ओळ. मॉडेल मात्र नव्याने लिहावे लागले, त्यात पंधरा दिवस गेले. वेगही कमी पडला. तासाभरात मिळालेले उत्तर सर्वोत्तमच आहे, अशी हमी त्याला देता आली नाही. पण संघाच्या जुन्या वाटांपेक्षा ते सरस होते आणि लांबच्या गावांचे दूध आधी उचलले जाऊ लागले. संघाला तेवढे पुरे होते.

या विषयात आपल्या ओळखीचे एक नाव आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी 1984 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत असताना अशी मोठी गणिते सोडवण्याची नवी पद्धत मांडली. एटी अँड टी कंपनीला 1988 मध्ये तिचे पेटंट मिळाले. गणिताच्या रीतीवर मालकी सांगता येते का, यावर तेव्हा बराच वाद झाला. 2006 मध्ये त्या पेटंटची मुदत संपली. करमरकरांनी ज्या वाटेकडे जगाचे लक्ष वेधले, त्या वाटेवरच्या पद्धती आज हाय्ससारख्या मुक्त पॅकेजातही आहेत.

व्यापारी सॉल्व्हर वाईट असतात असे मी म्हणणार नाही. ते घडवायला वर्षानुवर्षांचे कष्ट लागतात आणि त्यांचा मोबदला मागणे रास्तच आहे. माझे सांगणे इतकेच, की फुकट मिळालेली वस्तू मुक्त असतेच असे नाही. म्हणून आता प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी मी मुलांना तीन प्रश्न विचारतो. तुमचे गणित उद्या किती मोठे होईल? ते कोणत्या यंत्रावर चालेल? आणि शेवटी ते कोण वापरणार आहे? पॅकेज बसवायची ओळ त्यानंतर.

ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. वडील अजून टेम्पोवरच आहेत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "सर, या उन्हाळ्यात एकदाही बोलणी खावी लागली नाहीत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)