सिझेरियनच्या व्रणात रुजलेला गर्भ



अस्थानी गर्भ म्हटला की गर्भनलिका आठवते. असे नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भ नलिकेतच रुजतात. क्वचित बीजांडकोशात, गर्भाशयमुखात वा उदरपोकळीत. याहून फसवा प्रकार म्हणजे आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुजलेला गर्भ. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद १९७८ सालची. सिझेरियन वाढले, तसा हा प्रकारही अधिक दिसू लागला.

लघवीची तपासणी नेहमीसारखीच येते. थोडे रक्त जाते. पोट दुखतेच असे नाही. घाईच्या सोनोग्राफीत गर्भ ‘पिशवीतच’ दिसतो आणि घर निश्चिंत होते. किंवा गर्भपात होत आहे असे समजून क्युरेटिंग केले जाते, आणि खरा अनर्थ तेथे घडतो. व्रणाच्या जागी आकुंचन पावणारा स्नायू फारसा उरलेला नसतो. रक्त थांबणार कसे? म्हणून पूर्वी सिझेरियन झालेल्या भगिनीची योनिमार्गे सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यातच व्हावी. गर्भाशयाची पोकळी व मुखमार्ग रिकामे, गर्भ पुढच्या भिंतीत खाली, आणि त्याच्या व मूत्राशयाच्या मध्ये स्नायूचा जेमतेम पापुद्रा, ही त्याची खूण.

श्रद्धाळू कुटुंबात येथे प्रश्न उठतो : हा जीवघात नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला हसू नये. परंतु तो गर्भ उचलून योग्य जागी ठेवण्याची विद्या वैद्यकाजवळ नाही. काही गर्भ वाढतात, काही बालके जन्मतातही. मात्र वार मूत्राशयापर्यंत रुजून बहुधा गर्भाशय काढावे लागते, आणि मातेचे प्राण पणाला लागतात. हे सारे पती-पत्नींपुढे स्पष्ट मांडून निर्णय त्यांच्यावर सोपवावा. तो लवकर व्हावा.

उपचार लवकर झाले तर गर्भाशय बहुधा वाचते. गर्भपिशवीत मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली गर्भ शोषून काढणे किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, हे मार्ग आहेत. रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच ते अवलंबावेत. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरात पाणी कमी पडले तर ते विषारी ठरू शकते. त्या काळात निर्जळी उपवास करू नये, आणि तसे डॉक्टरांना विचारण्यास संकोचू नये. रक्तगट आर-एच निगेटिव्ह असल्यास अँटी-डीचे इंजेक्शन राहून जाऊ नये. औषध घेतलेल्या भगिनीने पुढील गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने जाऊ द्यावेत; आणि दिवस राहताच पुन्हा लवकर सोनोग्राफी करून घ्यावी, कारण गर्भ त्याच व्रणात पुन्हा रुजू शकतो.