वायूवर चालणारे इंजिन आणि त्याची ठिणगी
(धनज येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास किंवा राजकारण यांवरची भाषणे ऐकण्याची आपणांस सवय असते. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘इंजिनाची ठिणगी’ असे म्हणालो. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “गुरुजी, हा विषय फक्त गॅरेजवाल्यांचा तर होणार नाही ना?” त्यांच्या या शंकेला उत्तर देणे हे माझे आजचे पहिले कर्तव्य आहे.

वायूवर चालणारी वाहने आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत. रिक्षा, मोटारी, बसगाड्या गॅसवर धावतात. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाज कंपनीने गॅसवर चालणारी मोटारसायकलही बाजारात आणली. तिच्यात दोन किलो गॅसची टाकी आहे आणि सोबतीला दोन लिटर पेट्रोलची. आपल्याकडचे शेतकरीही विचारतात, “शेणगॅसवर पंप चालेल काय?” त्याच वेळी तक्रारीही कानी येतात. गॅसवर गाडीला दम नाही, सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर मिस मारते. या तक्रारींत थोडे तथ्य आहे. परंतु त्यांतला मोठा भाग गॅसच्या माथी विनाकारण मारला जातो. खरा दोष असतो तो गॅस पेटविण्याच्या व्यवस्थेचा. आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

आपण आपल्या चुलीपासून सुरुवात करू. पऱ्हाट्या एका काडीत पेटतात. गोवरी तशी पेटत नाही. आधी धूर करते. म्हणून घरातली बाई गोवरीच्या खाली चार बारीक काड्या घालते, फुंकणीने फुंकते आणि एकदा गोवरीने जीव धरला की तीच गोवरी तासभर आच देते. गोवरीत आच नाही असे कोणी म्हणत नाही. ती पेटवावयास अधिक मेहनत लागते, इतकेच. गॅसची गोष्ट अशीच आहे. पेट्रोलची वाफ सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे अंश उष्णतेला आपोआप पेट घेते. नैसर्गिक वायूतला मुख्य घटक जो मिथेन, त्याला सुमारे ५४० अंश लागतात. शिवाय हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ यांच्या दरम्यान असेल तरच तो जळतो. त्याहून कमी किंवा अधिक झाला की नाही.

हा अडथळा आजचा नाही. वायूचे इंजिन आणि ठिणगीची अडचण ही जुळी भावंडे आहेत. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार याने दगडी कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन केले. त्यात बॅटरी आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने विजेची ठिणगी पाडीत, पण त्या काळच्या साधनांनी ती ठिणगी भरवशाची होत नसे. पुढे १८७६ साली जर्मनीत ओटो याने चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, तेव्हा त्याने ठिणगीचा नाद सोडून सरकत्या झडपेतून जळती ज्योतच आत घेतली. रॉबर्ट बॉश याने १८८७ साली जागेवर बसविलेल्या वायू-इंजिनासाठी मॅग्नेटो केला आणि १९०२ साली त्याच्याच कारखान्यातील होनोल्ड याने उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी तयार केली. तेव्हा कोठे ठिणगीवर विश्वास टाकता येऊ लागला. म्हणजे इंजिन आधी आले, आणि ते खात्रीने पेटविण्यास आणखी चाळीस वर्षे लागली.

आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासाशी संबंध आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली होती आणि त्या वायूवर दिवे व इंजिन चालविले जात असे. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्या वस्तीत देशातील वायू-इंजिनाचा हा आरंभीचा प्रयोग झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा लाकडी कोळशाच्या वायूवर मोटारी धावल्या. गाडीच्या मागे बंबासारखी भट्टी, ती पेटवावयाची, पंखा फिरवावयाचा आणि मग इंजिन सुरू करावयाचे. त्या वायूत जवळजवळ निम्मा भाग न जळणारा नायट्रोजन असतो. साहजिकच शक्ती घटे आणि ठिणगी नेहमीपेक्षा दहा-पंधरा अंश आधी पाडावी लागे.

ही ‘आधी’ची भानगड काय आहे ते समजून घेऊ, कारण सगळे मर्म तेथे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वर येतो, मिश्रण दाबतो, ठिणगी पडते आणि जळत्या वायूचा जोर दट्ट्याला खाली ढकलतो. हा जोर दट्ट्या वरच्या टोकावरून नुकताच उतरू लागला असताना पोचला पाहिजे. आता हिशेब करा. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. ज्योत पसरण्यास फेऱ्याचा सहावा हिस्सा मिळतो असे धरले तर तो होतो सेकंदाचा तीनशेवा भाग. स्थिर हवेत मिथेनची ज्योत सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते. मध्यावरच्या ठिणगीपासून भिंत चार सेंटिमीटरवर असेल, तर या वेगाने तिला सेकंदाचा दहावा भाग लागेल, म्हणजे मिळतो त्याच्या तीसपट वेळ! मग इंजिन चालते कसे? आत शिरणारी हवा भोवऱ्यासारखी फिरते, ज्योतीला ठिकठिकाणी घड्या पडतात आणि ती कितीतरी पटींनी वेगाने पसरते. म्हणून गॅससाठी खास बांधलेल्या इंजिनात दट्ट्याच्या माथ्याला वाटीसारखा आकार देऊन हा भोवरा मुद्दाम वाढवितात.

तरीही गॅसची ज्योत, विशेषतः तिचा पहिला कोंब, पेट्रोलपेक्षा सावकाश वाढतो. आठवड्याच्या बाजाराला पायी जाणारा माणूस मोटारीने जाणाऱ्याच्या आधी निघतो, तेव्हा दोघे एका वेळी पोचतात. गॅसवर ठिणगी आधी पाडावयाची ती याच कारणासाठी.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींची गोष्ट येथे बोधप्रद आहे. १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला, १९९९ साली लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी गॅसवर नेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या पद्मिनी गाड्यांची इंजिने मुळात पेट्रोलची होती. टायमिंग पेट्रोलचे ठेवावे तर गॅसवर गाडी मंद. गॅससाठी पुढे घ्यावे तर पेट्रोलवर इंजिन ठोका मारणार. मिस्त्री लोक मधला रस्ता काढीत, आणि मधल्या रस्त्यावर दोन्ही इंधने अर्धपोटी राहत. पुढे इंधन बदलताच टायमिंग आपोआप बदलणारी विजेची छोटी पेटी निघाली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. परंतु तिने शिकविलेला धडा आजच्या प्रत्येक गॅसगाडीच्या संगणकात आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या मोटारीला गॅसचा संच बसवून घेतला. महिनाभर गाडी उत्तम चालली. मग चढावर धक्के मारू लागली आणि एके दिवशी बंदुकीसारखा आवाज होऊन हवेच्या गाळणीचे झाकणच उडाले. संच बसविणारे म्हणाले, “गॅसवर असे होतेच.” मी रेग्युलेटर बदलला, मिक्सर बदलला, पैसे गेले, धक्के राहिले. आयुष्यभर मुलांना इंजिन शिकविणारा मी, ‘गॅसवर असे होतेच’ हे मुकाट्याने मान्य करून बसलो होतो! शेवटी एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “गुरुजी, गॅसले नावं नका ठेवू. दिवे बुजल्यावर या.” अंधार पडल्यावर त्यांनी बॉनेट उघडून इंजिन चालू केले. प्लगच्या तारांवरून निळ्या ठिणग्या किड्यांसारख्या वळवळत होत्या. वीज प्लगपर्यंत पोचण्याआधीच वाटेत गळत होती. पेट्रोलवर उरलेल्या विजेत भागत होते, गॅसवर भागत नव्हते. ठिणगी चुकली की न जळलेला गॅस साचे. कधी रेंगाळत जळणारी ज्योत झडप उघडताच मागे शिरे आणि तोच बार होई. तारा बदलल्या, प्लग बदलले, टायमिंग पाहिले. रेग्युलेटरवर घातलेल्या पैशाच्या मानाने हा खर्च काहीच नव्हता.

त्या मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती सर्व वाहनधारकांनी ध्यानात ठेवावी. प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवावा आणि ठिणगी दिसली की तो चांगला समजावा, अशी आपली रीत आहे. ही परीक्षा अपुरी आहे. उघड्या हवेत मिलिमीटरभर फट ओलांडण्यास विजेला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. आत मिश्रण दाबलेले असते, तेथे तीच फट ओलांडण्यास कितीतरी पट अधिक दाब लागतो. गॅसच्या इंजिनात भर ओझ्याखाली ही गरज पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाऊ शकते. बाहेर झगमगणारा प्लग आत आंधळा असू शकतो.

मग उपाय कोणते? पहिला, प्लगची फट. गॅससाठी ती पेट्रोलपेक्षा किंचित कमी ठेवतात. परंतु फारच कमी केली तर ज्योतीचा कोंब थंड टोकांना चिकटून विझतो. म्हणून कारखानदाराने दिलेले माप पाळावे आणि फिलरने मोजावे, अंदाजाने नव्हे. दुसरा, जोरदार कॉइल, निर्दोष तारा आणि टोके लवकर न झिजणारे इरिडियमचे प्लग. तिसरा, योग्य टायमिंग. चौथा, हवेची गाळणी स्वच्छ ठेवणे, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण बिघडत नाही. पाचवा उपाय इंजिन बांधणाऱ्यांच्या हातचा आहे: एका नळकांड्याला दोन प्लग. दोन्हींकडून ज्योत निघाली की प्रत्येकीला चालावयाचे अंतर कमी होते. बजाजच्या पल्सर मोटारसायकलीत २००३ साली ही दुहेरी ठिणगी आली आणि पुढे त्यांच्या रिक्षांनाही मिळाली. मोठ्या वायू-इंजिनांत तर एका लहानशा कोठडीत दाट मिश्रण पेटवितात आणि तिच्या भोकांतून निघणाऱ्या ज्वाळा मुख्य मिश्रणाला पेटवितात. चुलीत बारीक काड्यांनी गोवरी पेटवावी, तीच युक्ती!

गॅसचा एक मोठा गुणही सांगितला पाहिजे. त्याला ठोका सहज लागत नाही. म्हणून मिश्रण बारापट किंवा अधिकही दाबता येते आणि तितक्या इंधनातून अधिक काम निघते. पेट्रोलच्या जुन्या इंजिनावर नुसता संच चढविला तर हा लाभ पदरात पडत नाही. शिवाय गॅस हवेची जागा अडवीत असल्यामुळे शेकडा दहा-पंधरा शक्ती कमी होते. तक्रारींतले जे तथ्य मी म्हणालो ते हे.

आता शेणगॅसचा प्रश्न. त्यात शेकडा ५५ ते ६५ मिथेन असतो. उरलेला बहुतेक कर्बद्विप्राणिद वायू, जो ज्योतीला मागे ओढतो. थोडा गंधकयुक्त वायूही असतो. तो तांबे आणि बेअरिंगे खातो, म्हणून गॅस गंजलेल्या लोखंडी किसातून गाळून घ्यावा लागतो. पेटविण्याची सोपी रीत म्हणजे डिझेल इंजिन. हवेबरोबर गॅस आत घ्यावयाचा आणि डिझेलचा लहानसा फवारा ठिणगीचे काम करतो. पुण्याच्या किर्लोस्कर कंपनीनेही अशी दुहेरी इंधनाची इंजिने काढली होती. याने डिझेलची पाऊण बचत होऊ शकते.

परंतु हिशेब आधी करा. एका अश्वशक्तीला तासाला सुमारे ०.४५ घनमीटर गॅस लागतो. पाच अश्वशक्तीचा पंप तासभर चालवावयाचा तर सव्वादोन घनमीटर. एका किलो शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर गॅस मिळतो आणि एक जनावर दिवसाला सुमारे दहा किलो शेण देते. म्हणजे तासाभराच्या पाण्यासाठी पाच-सहा जनावरे पाहिजेत. दोन बैल आणि एक गाय असलेल्या घराने शेणगॅस चुलीलाच द्यावा. जेथे गोशाळा आहे, दूधसंघ आहे किंवा पाच-दहा घरांनी एकत्र येण्याची तयारी आहे, तेथे इंजिनाचा विचार करावा. कर्ज काढून संच घेणाऱ्याला हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी येथे सांगतो.

एक शेवटची गोष्ट. चुकलेली ठिणगी फक्त मालकाचे पैसे खात नाही. न जळलेला मिथेन धुराड्यातून हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बद्विप्राणिदापेक्षा सुमारे अठ्ठावीस पटींनी पृथ्वी तापवितो. जे इंधन आपण स्वच्छ म्हणून घेतले, ते एका वीतभर तारेच्या हयगयीने अस्वच्छ होते.

चालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. हा विषय गॅरेजवाल्यांचा आहेच. पण जो पैसे मोजतो आणि जो ती हवा घेतो, त्याचाही आहे. यापुढे कोणी आपणांस “गॅसवर असे होतेच” असे म्हणाले, तर आपण मुकाट्याने मान डोलवू नका. मी डोलावली होती. “आधी प्लग आणि तारा दाखवा” एवढे म्हणा.